शुक्रवार चुकवायचा नाही

किस्से जमत जातात ते श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांसारखे. टाकवत नाहीत, ठेवायला जागा नसते, आणि कपाट उघडलं की धाडकन अंगावर येतात. आखातातल्या लढाईचा विषय निघाला की लोक मला हमखास विचारतात, "तुम्ही तेव्हा सौदीतच होता ना? स्कड क्षेपणास्त्र बघितलंत का हो?" बघितलं. पण मला त्या दिवसांतलं आठवतं ते वेगळंच. दर गुरुवारी संध्याकाळी मला एकच प्रश्न पडायचा. उद्या मुलांना न्यायचं कुठे?

आम्ही दम्माममध्ये तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचो. माझा नवरा सुधीर अबकैकच्या तेलाच्या प्लांटवर इंजिनिअर. केतन दहा वर्षांचा, रेवा सहाची. सुट्टी शुक्रवारी. पगारातला मोठा हिस्सा गावी जायचा, म्हणून जिथे तिकीट लागतं तिथे आमची सहल नाही, असा साधा हिशेब. आणि मला घरात बसवत नाही. लग्नाआधीपासून नाही. तरी बरं, या देशात बाईला गाडी चालवायची परवानगी नव्हती, नाहीतर मी येमेनपर्यंत गेले असते.

*

इराकने कुवेत घेतलं आणि बायका-मुलं भराभर भारतात परतायला लागली. सुधीरला प्लांट सोडता येणार नव्हता. तो म्हणाला, "तू मुलांना घेऊन जा."

मी म्हटलं, "अजिबात नाही."

याला कारण होतं. सौदीतली पहिली चार वर्षं सुधीर एकटा कंपनीच्या कॅम्पात राहिला होता. पहिल्या सुट्टीला तो आला तेव्हा विमानतळावर केतनने त्याला नमस्कार केला आणि म्हणाला, "काका, आमचे पप्पा पण आलेत का?" सगळे हसले. सुधीरसुद्धा हसला. घरी आल्यावर तो बाथरूममध्ये गेला, तो अर्धा तास बाहेर आला नाही. रेवाच्या तोंडून मला ते 'काका' ऐकायचं नव्हतं. एकदा गेलो की व्हिसा पुन्हा कधी मिळेल, कोणाला माहीत?

भांडण तीन दिवस चाललं. शेवटी त्याने अट घातली. "मुलांना कोंडून ठेवून वेडं करायचं नाही. दर शुक्रवारी ती बाहेर पडली पाहिजेत, हसली पाहिजेत. ज्या शुक्रवारी सहल चुकेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला परत पाठवायला एक्झिटचा अर्ज देणार."

"ठरलं," मी म्हटलं.

"आणि विचारणार मी रेवाला. तुला नाही."

माणूस हुशार. मी सोयीप्रमाणे काहीही सांगेन हे त्याला माहीत होतं. रेवाला मात्र खोटं बोलता यायचंच नाही. वर्गात बाईंना ती म्हणाली होती, "तुम्ही काल नाक पुसलं तोच हा रुमाल." अशी पोरगी.

*

आता सुधीरची ड्यूटी शुक्रवारीही लागायला लागली. तो कंपनीच्या बसने जायचा, गाडी खाली उभी. चालवणार कोण? तेव्हा इस्माईलभाई आले.

इस्माईलभाई दापोलीकडचे, सुधीरच्याच प्लांटवर इलेक्ट्रिशियन, कॅम्पात राहणारे. त्यांची मुलगी रेवाएवढी. शेवटची बघितली तेव्हा ती रांगत होती. त्यांना शुक्रवारी बागेत जायचं असायचं, पण तिथे नियम असा की शुक्रवारी फक्त फॅमिली. एकट्या पुरुषाला गेटावरच अडवतात. म्हणजे आमच्याकडे फॅमिली होती, ड्रायव्हर नव्हता. त्यांच्याकडे लायसन होतं, फॅमिली नव्हती.

"काय वयनी," ते म्हणाले, "मी होतो ना पोरांचा मामा."

बागेच्या वाटेवर मी मुलांकडून घोकून घेतलं. हे कोण? मामा. कोणाचे? मम्मीचे भाऊ. केतन पटकन शिकला. गेटावरचा पहारेकरी पठाण होता, त्याला हिंदी येत होतं. त्याने केतनला सोडलं आणि नेमकं रेवाला विचारलं, "बेटा, ये कौन है?"

रेवा म्हणाली, "मम्मीने बोला है मामा बोलना. लेकिन असली मामा तो नागपूर में है."

झालं. आम्ही आत, इस्माईलभाई बाहेर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते बिचारे कुंपणाच्या पलीकडे फुटपाथवर बसले. आम्ही अलीकडे चटई टाकली आणि गजांमधून त्यांना तिखटमिठाच्या पुऱ्या देत राहिलो. रेवाने स्वतःच्या हाताने दिल्या. येणारे-जाणारे आमच्याकडे बघायचे.

"मम्मी," रेवा म्हणाली, "अपने लोग पिंजरे में हैं कि मामा?"

इस्माईलभाई पुरी चावत हसले. "तू माझा कामच तमाम केलास बग," म्हणाले. रेवाला ते टोचलं असावं. रात्री पप्पांना सगळा अहवाल दिल्यावर तिने मला विचारलं, "मामाला बॅड वाटलं का?" मी म्हटलं, हो, वाटलं. मी तरी कशाला खोटं बोलू?

*

डिसेंबरात बाग बंद झाली, तिथे जायची सोय राहिली नाही. मग आमच्या खालच्या मजल्यावरच्या नलूने फर्निचरचं शोरूम शोधून काढलं. नलूला जुळे मुलगे, सात वर्षांचे, एका जागी ठरत नसत. शोरूम गार, प्रचंड, आणि आत जायला काही लागत नाही.

आम्ही सात जण. दोघी बायका, चार पोरं आणि इस्माईलभाई, हातात मोजपट्टी घेऊन, म्हणजे गिऱ्हाईक वाटावं. जुळे गाद्यांवर उड्या मारत होते. तेवढ्यात नमाजाची वेळ झाली. तिथे नमाजाला दुकानं बंद करतात. शटर खाली, अर्धे दिवे बंद, नोकर निघून गेले. इस्माईलभाईही एका कोपऱ्यात नमाजाला उभे राहिले. आणि आम्ही आत अडकलो, पाच हजार खुर्च्यांसकट.

मला चैन पडेना. मी शटरपाशी येरझाऱ्या घालत होते. नलूने मात्र शांतपणे सागवानी टेबलावर पेपर पसरला, डबा उघडला, भाजी वाढली. "बस गं जरा," म्हणाली, "एवढं छान डायनिंग टेबल जन्मात नशिबी येणार आहे का?" इस्माईलभाईही येऊन बसले. मग मीही बसले. खरं सांगते, त्या सबंध हिवाळ्यातलं ते सगळ्यात निवांत जेवण.

दिवे लागले तेव्हा समोर फिलिपिनो सेल्समन उभा. आमच्या हातात पोळी, टेबलावर लोणच्याचा डाग. त्याने आमची डोकी मोजली. मग अदबीने म्हणाला, "मॅडम, हे सहा जणांचं टेबल आहे. तुम्ही सात. आठवालं दाखवू?"

*

जानेवारीत गॅसचे मुखवटे आले. पुठ्ठ्याच्या खोक्यात, गळ्यात अडकवायचा पट्टा लावलेले. खिडक्यांना चिकटपट्ट्या लागल्या, शाळा बंद झाली. नलूने पहिल्याच दिवशी मुखवटा घालून दोन किलो कांदा चिरला. "वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा न रडता चिरला," असं ती जिन्यात सगळ्यांना सांगत सुटली.

त्या शुक्रवारी आम्ही समोरच्या मोकळ्या मैदानात गेलो. घरापासून चार मिनिटं, पण बाहेर ते बाहेर. इस्माईलभाई रेवाला म्हणत होते, "एकदा रस्ता सुटू दे, तुला समुद्रावर नेतो. पाय बुडवायचे, शिंपल्या गोळा करायच्या. माझ्या पोरीला पण नेणार हाय." समुद्राचा रस्ता महिनाभर बंद होता, नाक्यावर सैनिक. तरी दर शुक्रवारी ते हेच सांगायचे आणि दर शुक्रवारी रेवा विचारायची, "बूट काढायचे का?"

आणि सायरन वाजला. तालीम होती ती, पण आम्हाला कुठे माहीत? सगळ्यांनी खोकी उघडली. नलूने मुखवटा चढवला, इस्माईलभाईंनी चढवला. केतनने त्याचं खोकं उघडलं आणि आत चकल्या. सकाळी घाईघाईत डबा सापडेना, म्हणून मीच भरल्या होत्या. मुखवटा घरी पलंगावर.

इस्माईलभाईंनी स्वतःचा मुखवटा काढला आणि केतनच्या तोंडावर चढवला. मी रेवाच्या मुखवट्याचे पट्टे आवळले. दहा मिनिटांनी भोंगा थांबला. इस्माईलभाईंनी खोक्यातली एक चकली उचलली. "वयनी," म्हणाले, "हिच्यानं गॅस वाढंल."

रात्री रेवाने पप्पांना सांगितलं, "आज मजा आली. मम्मीने मास्कच्या बॉक्समध्ये चकली आणली होती."

सुधीरने जेवण अर्धवट टाकलं. बराच वेळ तो खिडकीच्या चिकटपट्ट्यांवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "आणखी एक. आणखी एक शुक्रवार असा झाला किंवा चुकला, तर मी तुझं काहीही ऐकणार नाही." मी मान हलवली. माझी चूक होती, भांडणार कशाच्या जोरावर?

*

पुढच्या आठवड्यात नलू गेली. जाताना टोपलीभर कांदे देऊन गेली आणि रडली. इमारतीत आम्हीच उरलो.

शुक्रवारी सकाळी आठला डबा तयार, थर्मास तयार. दोन्ही पोरं बूट घालून सोफ्यावर. मुखवटे मी तीनदा मोजले. इस्माईलभाई साडेआठला येतात. साडेआठ झाले, नऊ झाले. त्यांच्या कॅम्पात फोन लावला, कोणी उचलेना. दहाला मी मुलांना घेऊन खाली उतरले, तर दारातच पोलीस उभा. आज पायी फिरायचं नाही. मी हिंदीत भांडले, मराठीत भांडले, त्याला एकही भाषा येत नव्हती. त्याने हाताने वर दाखवलं.

दिवसभर मी या खिडकीतून त्या खिडकीत. चिकटपट्ट्यांमधून रस्ता दिसायचा, रिकामा. दुपारी पुऱ्या घरातच खाल्ल्या. तीन वाजता केतनने बूट काढले. रेवाने काढले नाहीत.

"मम्मी," केतन म्हणाला, "वी आर गोइंग बॅक, ना?"

मी म्हटलं, "माहीत नाही रे." पण मला माहीत होतं. मी कपाटावरची बॅग खाली काढून ठेवली होती.

उन्हं कलली आणि बेल वाजली. दारात सुधीर, आणि त्याच्या मागे इस्माईलभाई. दोघांच्या अंगात प्लांटचे निळे कपडे, दोघांच्या तोंडावर काजळी. तेव्हा उलगडा झाला. पहाटे पाचला इस्माईलभाईंना शिफ्टवर बोलावून घेतलं होतं, आणि दिवसभर ते सुधीरच्या शेजारीच काम करत होते. मला सांगायला आले होते की आज जमलं नाही.

सुधीरने आत येऊन भिंतीशी ठेवलेली बॅग बघितली. माझ्याकडे बघितलं नाही. नेहमीसारखा रेवासमोर उकिडवा बसला.

"काय गं बेटा, आज कुठे गेला होतात?"

मी डोळे मिटले.

"समुद्रावर," रेवा म्हणाली.

मी डोळे उघडले. ती सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होती. कान लाल झाले होते.

"कोणी नेलं?"

"इस्माईलमामांनी. मी पाय बुडवले. शिंपल्या पण होत्या. माझे बूट भिजले."

इस्माईलभाई दारात उभे होते, हातात हेल्मेट. त्यांनी खाली बघितलं, मग रेवाकडे.

"होय साहेब," ते म्हणाले. "पाणी जाम गार होता."

सुधीरने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. बारा तास शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे बघावं तसं, नीट. मग रेवाच्या पायांकडे बघितलं. तिचे बूट सकाळी पॉलिश केलेले, तसेच्या तसे चकचकीत होते. त्याने ते एकेक करून काढले आणि माझ्या हातात दिले.

"वाळत टाक," म्हणाला. "पुढच्या शुक्रवारी लागतील."