ताशी सव्वीस लिटर

त्याला सगळे तिसरा म्हणायचे. मोटरबोट चालवणाऱ्यांचा एक जुना नेम आहे. टाकीतल्या पेट्रोलचे मनात तीन भाग करायचे. एक जायला, एक यायला, तिसऱ्याला हात लावायचा नाही. बाकीचे चालक हे तोंडाने म्हणतात आणि गर्दीच्या दिवशी सोयीने विसरतात. हा कधी विसरला नाही. पाहुणे "अजून जरा पुढे घ्या" म्हणून मागे लागले, चिडले, वर तक्रार करू म्हणाले, तरी पहिला भाग संपला की हा गपचूप बोट वळवायचा. त्याची बायको म्हणायची, "आमच्याकडे दूधसुद्धा तिसरा हिस्सा बाजूला काढून मगच तापतं."

हौशी लोकांच्या एका बोट क्लबात तो चोवीस वर्षं होता. आला तेव्हा बोटींचे तळ खरवडायचा. पाण्यात उभ्या बोटीला खालून शेवाळ धरतं, शिंपले चिकटतात आणि बोट जड चालते, पेट्रोल पिते. हे त्याला पुस्तकातून कळलेलं नाही, नखं तुटून कळलेलं आहे. मग तो चालक झाला. क्लबातली सगळ्यात चांगली बोट त्याच्याकडे आली. आठ-दहा माणसं बसतील अशी, मागे एकच मोठं इंजिन. समोर काटे, आकडे सगळं होतं, पण हा काट्यांकडे क्वचित बघायचा. पायाखालच्या फळीत येणारी थरथर त्याला पुरायची.

त्याचा एक ठरलेला वेग होता, ताशी चव्वेचाळीस किलोमीटरच्या आसपास. तिथे बोट पाण्यावर येते, सपाट होते, तळाचा निम्मा भाग पाणी सोडतो आणि इंजिन सैल पडतं. त्याहून जास्त दामटलं की पेट्रोल ओतल्यासारखं जातं. अगदी हळू, माणसाच्या झपाझप चालीइतक्या वेगाने गेलं तर सगळ्यात कमी लागतं, पण तसं कोणी जात नाही. आणि या दोन्हींच्या मध्ये एक वाईट जागा आहे. तिथे बोटीचं नाक वर उठतं, शेपूट खाली बसतं, आणि बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला बघते, चढत मात्र नाही. चालक लोक त्याला चढ म्हणतात. शहाणा चालक चढावर थांबत नाही. एक तर अलीकडे राहतो, नाही तर पटकन पलीकडे जातो.

मग नवा व्यवस्थापक आला. हुशार माणूस, हे मी कुत्सितपणे म्हणत नाही. पण खुर्चीवरची हुशारी होती. बोटीवर एक फेरी मारून त्याने पेट्रोलचा आकडा पाहिला. चव्वेचाळीसच्या वेगाला ताशी चाळीस लिटर. वेग अठरावर आणायला सांगितला, आकडा सव्वीसवर आला. तासाला चौदा लिटर वाचले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर हुकूम लागला की यापुढे अठराच्या वर कोणी जायचं नाही.

अठरा म्हणजे बरोबर चढ.

तिसरा एकदाच बोलला. सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, या वेगाला बोट चढावर राहते."

साहेब म्हणाला, "पाण्यात कुठून आला चढ? घाट लागतो का मध्ये?"

हसले सगळे. आपलीच माणसं, तीसुद्धा हसली. तिसरा गप्प बसला तो बसलाच. हुकूम होता, म्हणून अठराने बोट चालवायला लागला. समोरच्या बेटापर्यंत वीस किलोमीटर, परत वीस. पूर्वी ही फेरी तासाच्या आत व्हायची, आता सव्वादोन तास लागायचे. नाक वर असल्याने त्याला पुढचं दिसायचं नाही. उभा राहून, मान ताणून चालवायचा.

महिनाभरात पेट्रोल कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. फेरीमागे छत्तीस लिटर लागायचं, ते अठ्ठावन्न लागायला लागलं. आता सव्वीस गुणिले सव्वादोन केलं की अठ्ठावन्न येतात. शाळेतल्या पोराला जमेल असा गुणाकार. साहेबाने तो केला नाही. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की होती, की बोट ताशी कमी पिते. मग जास्तीचं जातं कुठे? कोणीतरी काढतं. बोट कोणाच्या ताब्यात? झालं.

फळ्यावर दुसरा कागद लागला. "पेट्रोलच्या तफावतीबाबत चौकशी", आणि खाली एकाच माणसाचं नाव. चोर हा शब्द कागदात नव्हता. असले कागद लिहिणारे तेवढे तयार असतात. संध्याकाळी फाटकावर पहारेकरी त्याची एकट्याची पिशवी तपासायचा. डबा उघडायचा, पाण्याची बाटली हुंगायचा. तिसरा हात खाली सोडून उभा राहायचा. पहारेकऱ्यालाच लाज वाटून तो म्हणायचा, "तुम्ही जरा शिव्या तरी घाला हो, मला बरं वाटेल." तिसरा डबा पिशवीत ठेवायचा आणि घरी जायचा.

घरी त्याची बायको संतापलेली असायची. अहो, काही तरी करा, साहेबाच्या तोंडावर जाऊन बोला, नाही तर मी येते. तो जेवायचा. आमटीत मीठ आहे का नाही, हेही तिला त्याच्या तोंडावरून कळेनासं झालं. तिने एक दिवस मुद्दाम मीठ घातलंच नाही. त्याने वाटी संपवली.

त्याचा जावई त्याच क्लबाच्या दुरुस्तीशाळेत मेकॅनिक आहे. सासऱ्यानेच त्याला तिथे चिकटवलेला, लग्नाच्या कितीतरी आधी. म्हणून त्या घरात जावयाला अहो-जाहो नाही. पण आता दुरुस्तीशाळेत रोज टोमणे सुरू झाले. "तुझ्या स्कूटरला काय, सासरचं पेट्रोल!" माणूस किती दिवस ऐकणार? रविवारी तो एकटाच आला, बायकोला आणलं नाही. चहा पुढ्यात ठेवून म्हणाला, "मामा, रागावू नका. पण खरं काय ते मला सांगा. मी काही तरी मार्ग काढतो."

तिसऱ्याने त्याच्याकडे बघितलं. "चहा घे, गार होतोय," म्हणाला.

जावयाने त्या गप्प बसण्याचा जो अर्थ काढायचा तो काढला. त्यानंतर मुलगी दोन रविवार माहेरी आली नाही. साहेबाने काय म्हटलं याने एवढं बिघडलं नव्हतं. मुलीच्या घरात आपण काय ठरलो, हा प्रश्न आता तिसऱ्याच्या घरात लोंबकळत होता.

शेवटी त्याची बायको आमच्या कामगार संघटनेत आली. गुणाकार आम्ही केला. आधी करायला हवा होता, तेही कबूल. साहेबाला पत्र दिलं की चोर म्हणायचं असेल तर मोजून म्हणा. कागदावर काहीही सिद्ध करता येतं, असं तो म्हणाला. मग पाण्यावर चला, आम्ही म्हणालो. त्याला स्वतःची एवढी खात्री होती, की लगेच हो म्हणाला.

सकाळी वारा पडलेला होता. टाकी गळ्यापर्यंत भरली. बोटीवर तिसरा, साहेब, मी आणि जावई. पेट्रोल मोजून ओतायचं काम साहेबानेच जावयाला दिलं, म्हणजे खोट असली तर घरच्या माणसाच्या हातून उघडी पडेल. पहिली फेरी अठराने. साहेब पूर्ण वेळ आकडा दाखवत होता, सव्वीस, बघा, सव्वीस. दीड तासाने त्याला मळमळायला लागलं तेव्हा दाखवायचा थांबला. परत आल्यावर जावयाने टाकी पुन्हा भरेपर्यंत वीस लिटरचे डबे ओतले. एक रिकामा झाला, दुसरा झाला, तिसरा डबाही जवळजवळ पूर्ण गेला.

दुसरी फेरी चव्वेचाळीसने. आकडा चाळीस दाखवत होता आणि साहेब जरा तरतरीत झाला. तासाच्या आत आम्ही धक्क्याला होतो. जावयाने पहिला डबा ओतला. दुसरा ओतताना टाकी तोंडाशी आली. डब्यात तीन-चार लिटर उरलं. जावई तो डबा तसाच हातात धरून उभा राहिला, खाली ठेवायचं त्याला सुचेना.

साहेबाने रिकामे डबे मोजले. मग म्हणाला, "हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं, साहेब," तिसरा म्हणाला, आणि दोर बांधायला गेला.

मी तिथेच साहेबाची हजेरी घेणार होतो. तिसऱ्याने लांबूनच मान हलवली, म्हणून थांबलो. दुसऱ्या दिवशी नवा हुकूम लागला की व्यवस्थापनाने केलेल्या चाचणीनुसार वेग चव्वेचाळीस. व्यवस्थापनाने! नाव असलेला कागद काढून टाकला होता. माफी नाही. पिशव्या आता सगळ्यांच्याच तपासतात.

त्या संध्याकाळी जावई मुलीला घेऊन आला. मुलगी आत आईकडे गेली. पुढे काय झालं ते त्याच्या बायकोने मला सांगितलं. जावई खुर्चीवर बसला नाही, खाली बसला. "मामा, मी विचारायलाच नको होतं," म्हणाला. "वाटेल ते बोला मला. मारा पाहिजे तर."

बायको दारात उभी होती. आता तरी हा माणूस रडेल, ओरडेल, असं तिला वाटलं.

"बोलायला काही येतच नाही रे," तो म्हणाला. "शोधून बघितलं मी."

मग म्हणाला, "इंजिन गार करून पाण्याची धार मागून पडते ना, ती दुसऱ्या फेरीत बारीक झाली होती. बघितलीस?"

"नाही, मामा."

"पाण्याच्या पंपातलं रबर गेलं असणार. इंजिन तापायच्या आत उघड."

"उद्याच उघडतो."

"सकाळी. माणसं यायच्या आधी."

एवढंच झालं. ही माफी होती की नव्हती, ते आपल्याला अजून कळलेलं नाही, असं त्याची बायको म्हणते. जावयानेही पुन्हा विचारलं नाही. सकाळी त्याने पंप उघडला. रबराची दोन पाती तुटलेली होती.