कोचीतलं सहावं ठिकाण

बी.कॉम. झाल्यावर माझ्या वर्गातली निम्मी मुलं कॉम्प्युटरचे कोर्स करून हिंजवडीच्या बसमध्ये बसू लागली, आणि मी टिळक रस्त्यावरच्या एका सहल कंपनीत टूर मॅनेजर म्हणून लागलो. कंपनी म्हणजे दोन खोल्या, मालक, फोन घ्यायला एक बाई आणि आम्ही तिघे मॅनेजर. धंदा मात्र जोरात होता. ज्यांची मुलं सॉफ्टवेअरमध्ये होती असे आईवडील आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या लांब निघत होते. मुलांना रजा मिळायची नाही, म्हणून ती आईवडिलांना आमच्या ताब्यात देत. स्टेशनवर सोडायला आलेल्या मुलामुलींचे फोन सारखे वाजत असत, आणि गाडी हलायच्या आत बरेच जण निघून गेलेले असत.

दक्षिणेची सहल माझ्याकडे होती. त्यात कोचीला एक पूर्ण दिवस. तिथं काय दाखवायचं आणि काय गाळायचं हे मालकांनी ठरवायचं, पण जागेवर मीच असल्यामुळे खरं ते माझ्याच हातात होतं. दुसऱ्या एका कंपनीच्या पत्रकात कोचीची पाच ठिकाणं होती, म्हणून आमच्या पत्रकात सहा. सहावं म्हणजे शहराबाहेर टेकडीवरचा जुना राजवाडा. बस खाली थांबायची आणि वर जायला बऱ्याच पायऱ्या होत्या. बाकीची पाच ठिकाणं सकाळी उरकून आम्ही तिथं नेमके भर दुपारी पोचायचो. मला ते कधी पटलं नव्हतं. एकदा मी ते गाळलं आणि सगळ्यांना बंदरावर मोकळं सोडलं. लोक खूष होते. पुण्यात परतल्यावर मात्र त्यातल्याच एका गृहस्थांनी पत्रकावर लाल पेनानं फुली मारून ते मालकांच्या टेबलावर ठेवलं. मालक मला म्हणाले, की छापलंय ते दाखवायचं, तुमचं मत कुणी मागितलेलं नाही. त्यानंतर मी काही गाळलं नाही.

फेब्रुवारीतल्या सहलीला एक जोडपं होतं. त्यांचं घर विश्रांतवाडीला, माझ्या घरापासून दोन बसथांब्यांवर. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीतली बरीच वर्षं खडकवासल्याला, धरणातल्या पाण्याची पातळी रोज बघून लिहून ठेवण्यात गेलेली. काकू कमी बोलायच्या. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे असायचे. मुलगी एकुलती एक, हिंजवडीत.

गाडीत पहिल्या दिवशी ओळखी होताना माझं आडनाव विचारलं जायचंच. ते ऐकल्यावर काही जण माझ्याशी बेतानं बोलायला लागायचे. काकांनी आडनाव विचारलं नाही. त्यांनी विचारलं ते एवढंच, की कोचीला भरती-ओहोटी नीट दिसते का. मी म्हटलं, दिसत असेल. मग त्यांनीच मला सांगितलं, की तिथं आतल्या खाड्यांचं सगळं पाणी एकाच तोंडातून समुद्रात जातं आणि भरतीला त्याच तोंडातून परत आत येतं. मधे थोडा वेळ पाणी थांबल्यासारखं होतं आणि मग फिरतं. ते त्यांना बघायचं होतं.

"आमच्याकडं पाणी एकाच बाजूला जातं," ते म्हणाले. "तेही आम्ही सोडलं तर."

कोचीला सकाळी आम्ही हॉटेलजवळच्या धक्क्यावरून बोटीनं पलीकडं, जुन्या किल्ल्याच्या बाजूला गेलो; बस पुलावरून वळसा घालून आली. आधी जुनं चर्च झालं. तिथं एका पोर्तुगीज दर्यावर्दीला पुरलं होतं आणि पुढं त्याची हाडं उकरून त्याच्या देशात नेली, हे मी नेहमीसारखं सांगितलं. सदाशिव पेठेतले एक निवृत्त बँक अधिकारी आमच्यात होते. ते प्रत्येक ठिकाणानंतर पत्रकावर खूण करायचे. ते म्हणाले, "म्हणजे जो इथं नाही त्याला भेटायला आलो आपण." सगळे हसले, आणि त्यांनी खूण केली.

साडेअकराला आम्ही चिनी जाळ्यांपाशी आलो. बंदराच्या तोंडाशी किनाऱ्यावर लाकडी सांगाडे उभे असतात आणि त्यांना बांधलेली भलीमोठी जाळी पाण्यात सोडतात, वर ओढतात. पत्रकात इथं वीस मिनिटं होती. काका जाळ्यांकडे बघतच नव्हते. पाण्यातून वाहत जाणाऱ्या शेवाळाच्या एका पुंजक्यावर त्यांनी नजर ठेवली होती. निघायची वेळ झाली तेव्हा ते माझ्याजवळ आले.

"तुम्ही यांना घेऊन जा. आम्ही दोघं इथं सावलीत बसतो. तास-दीड तासात पाणी फिरेल."

मी सांगितलं, की बस परत या बाजूला येत नाही, राजवाड्यावरून थेट हॉटेलवर जाते. ते म्हणाले, की आम्ही बोटीनं येऊ, सकाळी आलो तसे. यात अवघड काहीच नव्हतं. बोटीचा धक्का समोर दिसत होता, हॉटेल पलीकडं धक्क्यापासून चालत दहा मिनिटांवर. पण माझ्या डोळ्यांपुढे ती लाल फुली होती, आणि बँकेतले गृहस्थ बसच्या खिडकीतून म्हणाले, "अहो मॅनेजर, एकाला सोडलंत की सगळेच सुटतील."

"चला काका," मी म्हटलं. "राजवाडा खरंच बघण्यासारखा आहे."

त्यांनी पाण्याकडे एकदा बघितलं आणि काकूंना हात देऊन बसमध्ये चढवलं.

राजवाड्यापाशी मी नेहमीसारखा खाली बसजवळ थांबलो. ड्रायव्हर आणि मी लिंबू सरबत घेतलं. वीस-पंचवीस मिनिटांनी आमच्यातल्या एक बाई धापा टाकत खाली आल्या आणि म्हणाल्या, की ते काका पायरीवर बसलेत आणि उठत नाहीयेत. मी धावत वर गेलो. त्यांचा शर्ट घामानं भिजून अंगाला चिकटला होता आणि चेहरा राखेसारखा झाला होता. काकू पदरानं वारा घालत होत्या. काकांनी मला हातानंच खूण केली, की जरा बसतो, तुम्ही व्हा पुढं. आम्ही त्यांना खुर्चीत बसवून खाली उतरवलं आणि बसनंच दवाखान्यात नेलं. पाच वाजायच्या आत ते गेले.

बाकीच्या मंडळींना दुसऱ्या दिवशी पुढं जायचं होतं. बँकेतले गृहस्थ आले, काकूंसमोर हात जोडून उभे राहिले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मग मला बाजूला घेऊन विचारलं, की उद्याची निघायची वेळ तीच ना. मी म्हटलं, तीच. सहलीबरोबर असणाऱ्या आमच्या आचाऱ्यानं सगळ्यांना पुढं नेलं आणि मी मागं राहिलो.

त्या संध्याकाळी मुलीनं तीन वेळा फोन उचलला नाही, ती मीटिंगमध्ये होती. चौथ्यांदा उचलला. मी म्हटलं, बाबांची तब्येत बिघडली आहे. ती म्हणाली, खरं सांगा. मग सांगितलं.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी विमानानं आली. ऑफिसचं ओळखपत्र अजून गळ्यात होतं. दाखले, पोलिसांचे कागद, विमानातून पेटी न्यायची परवानगी, यासाठी मी सकाळपासून फिरत होतो. तिनं जिथं सांगितलं तिथं सह्या केल्या. मग काकूंच्या शेजारी बसून तिनं मला विचारलं, "त्या राजवाड्यात आहे काय?"

पत्रकात लिहिलेलं मला पाठ होतं. "माहीत नाही," मी म्हटलं. "मी आत कधी गेलेलो नाही."

"मग बाबा कशाला गेले? त्यांना पायऱ्या चढायला लावल्या कुणी?"

मी काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "कुणी नाही. आम्हीच गेलो."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्या दिवशी दुपारी मी त्या दोघींना विमानतळावर पोचवलं, तोपर्यंत बंदरावरचं काही सांगितलं नाही.

मालकांना मी सांगितलं, की ते ठिकाण काढून टाका. ते म्हणाले, वय झालं होतं त्यांचं, त्यात राजवाड्याचा काय दोष. पुढच्या सहलीला मी स्वतः वर चढलो आणि सगळ्या दालनांतून फिरलो. आत चांगल्या वस्तू होत्या. रथ होते, शस्त्रं होती, एक सोन्याचा मुकुट होता, लोक थांबून थांबून बघत होते. वाईट असतं तर मला जरा बरं वाटलं असतं.

पुण्यात तीन महिने मी बसनं त्यांच्या घरावरून जात-येत होतो. एका रविवारी उतरलो. दार मुलीनं उघडलं. मी बसलो नाही. उभ्याउभ्याच सांगितलं, की काकांनी बंदरावर थांबू द्या म्हटलं होतं, मी नाही म्हटलं, राजवाडा बघण्यासारखा आहे असंही मीच म्हटलं.

"आईनं मला घरी पोचल्यावरच सांगितलं," ती म्हणाली. "तुम्ही कधी सांगताय तेवढं बघत होते."

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. मी त्यांना विचारलं, की मग त्या दिवशी तुम्ही मला का वाचवलंत.

"तुम्हाला नाही वाचवलं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. "ही तुमच्या अंगावर धावून गेली असती. कागद तुमच्या हातात होते, आणि मला यांना घरी आणायचं होतं."

मुलीनं दार उघडंच धरलं होतं. मी चपला घातल्या.

पुढच्या महिन्यात मी नोकरी सोडली. आता विश्रांतवाडीतच एका औषधांच्या दुकानात असतो. काकू कधीकधी चिठ्ठी घेऊन येतात. मी गोळ्या काढून देतो, कुठली सकाळी आणि कुठली जेवणानंतर ते सांगतो. त्या ऐकून घेतात, पिशवीत टाकतात आणि जातात.