नरसय्यांचा आवाज
सोलापुरात चाळीस वर्षं चादरीच्या मागांच्या खडखडाटात काढल्यामुळे नरसय्यांनी जेवताना मीठ मागितलं तरी गल्लीभर ऐकू जायचं. मागावरचं काम सुटल्यावर नात श्रावणी त्यांना इंग्रजी शिकवायला बसली.

“ताता, खूप असेल तर व्हेरी. सोसवेनासं झालं की मगच टू. व्हेरी हॉट चहा फुंकून पिता येतो, टू हॉट नाही पिता येत.”

“टू हॉट,” नरसय्यांनी घोकलं. समोरच्या बाईंनी खिडकी लावून घेतली. ते त्यांनी पाहिलं. मग जमेल तितक्या हळू त्यांनी विचारलं, “माझा आवाज गं? व्हेरी लाऊड की टू लाऊड?”

श्रावणीनं वहीतून डोकं वर काढलं नाही.

“व्हेरी,” ती म्हणाली. “आता पुढचं वाक्य म्हण. मोठ्यानं.”