दुसऱ्या भागासाठी लिहिलेला अभिप्राय

कापसाच्या तेजीची ती वर्षं. समुद्रापलीकडे लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडला होता आणि आमच्या अमरावतीत बैलांच्या गळ्यात चांदीची घुंगरं वाजू लागली होती. मी पुण्याहून शाळेवर आलेला पंतोजी. शाळेत मुलं थोडी आणि माझा डौल फार. मुंबईच्या एका मासिकाच्या संपादकांनी इंग्रजीवरून मराठीत उतरवलेली कादंबरी माझ्याकडे अभिप्रायासाठी धाडली, तेव्हा तर मी चार दिवस कुणाशी सरळ बोललोच नाही.

गोष्ट त्या पलीकडच्याच मुलखातली. कापसाच्या मळ्यावर राबणारी एक गुलाम बाई. धनी तिची लहान पोर विकून टाकतो. पोरीच्या शोधात बाई पळते आणि तिथेच पहिला भाग संपतो. पहिला भाग लोकांना आवडला तरच दुसरा छापू, असं छापखान्याचं म्हणणं असल्याचं संपादकांनी कळवलं होतं. मी झटक्यात अभिप्राय लिहिला आणि मळ्यातल्या कामाचं वर्णन अगदी हुबेहूब आहे, असं ठोकून दिलं.

मी एका शेतकऱ्याच्या घरी खोली घेऊन राहत असे. दुपारी घरधनीण चार बायकांना घेऊन ओसरीत कापसातला कचरा निवडत बसे. जरा मिरवावं म्हणून मी त्यांना पुस्तक वाचून दाखवायला घेतलं. मळ्यात विळे सपासप चालू लागले, कपाशी आडवी होऊ लागली, इथवर आलो आणि सगळ्याजणी खो-खो हसत सुटल्या.

"पंतोजी, कापूस काय इळ्यानं कापतेत जी? बोंड फुटलं का बोटानं येचतेत. हा लिवणारा कधी वावरात गेला होता का नाई?"

"गेला नसेल," मी म्हणालो.

"आन् तुमी?"

तीन वर्षं मी रोज कपाशीच्या शेतावरून शाळेत जात होतो!

पहिला भाग त्यांना शेवटपर्यंत वाचून दाखवला खरा, पण स्वतःवरचा सगळा राग मी त्या भाषांतरकारावर काढला. पहिला अभिप्राय फाडून दुसरा लिहिला आणि त्यात बिचाऱ्याची सालटी काढली. दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत तो घरधनिणीला वाचून दाखवला.

"मंग दुसरा भाग?" तिनं विचारलं.

"आता बहुधा छापणार नाहीत."

तिचा हात थांबला. "काहून? चूक त्या लिवणाराची. त्या बाईनं काय केलं जी? तिची पोरगी तिले भेटू द्या ना!"

मला मनापासून लाज वाटली. तिसऱ्या खेपेला मी विळ्याची चूक एका ओळीत सांगितली. बाकी एवढंच लिहिलं, की वऱ्हाडातल्या एका ओसरीत पाचजणी हातातलं काम टाकून त्या पोरीची वाट पाहत आहेत, तेव्हा दुसरा भाग लवकर काढा. ह्याला अभिप्राय म्हणत नाहीत, असं संपादकांनी मला सुनावलं. पण तो छापला.

पुढच्या हंगामात अकोल्याला कापूस टाकून परतणाऱ्या बैलगाडीतून दुसरा भाग आला. ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. मायलेकींची गाठ पडते त्या पानावर मीच अडखळलो आणि पुस्तक मांडीवर ठेवलं. घरधनीण डोळे पुसत उठली, पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला.

"घोटभर प्या पंतोजी," ती म्हणाली, "पन आता थांबू नका."