थडग्याची चेन्सा

चेन्सा थडग्यात जन्मली, हे रबात गावात कुणाला सांगावं लागत नसे. दुसऱ्या महायुद्धात माल्टावर बॉम्ब पडत होते आणि तिच्या आईचे, ग्रेत्स्याचे, दिवस भरले होते. भोंगा झाला की शेजारपाजार ग्रेत्स्याच्याच परसातल्या जिन्याने खाली उतरे. खाली खडकात कोरलेली पहिल्या ख्रिस्ती माणसांची थडगी. हाडं केव्हाच गेलेली, खोबण्या रिकाम्या. अशाच एका दुपारी वर घरं कोसळत होती आणि खाली चेन्सा पहिल्यांदा रडली. तेव्हापासून ती थडग्याची चेन्सा झाली. रबातमध्ये चिकटलेलं नाव नातवंडांनाही सुटत नाही.

तिला त्याचं काही वाटत नसे. पण पाववाल्या दुमिंकाबाईंच्या मुलाने, विस्टिनने, तिच्याशीच लग्न करायचं म्हटलं आणि बाई अडून बसल्या.

"पोरगी गुणाची आहे, नाही कोण म्हणतं? पण उद्या थडग्याच्या घरचा पाव कोण खाईल रे?"

विस्टिन आईच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता. "आईचं मन वळेपर्यंत थांबू," तो म्हणाला.

"माझे केस पिकेपर्यंत ना?" असं म्हणून चेन्साने रविवारची मिस्सा सुटताच दुमिंकाबाईंना देवळाच्या पायरीवरच गाठलं.

"काकू, मी जन्मले ती जागा एकदा बघा. मग खुशाल नाही म्हणा."

"मरायच्या आधीच मला थडग्यात घालतेस होय गं?"

"कंदील घेऊन मी पुढे चालते. पडलात तर माझ्याच अंगावर पडाल."

"मग तर प्रश्नच मिटला," बाई म्हणाल्या. पण आल्या.

खाली गारवा होता. बाई एका हाताने भिंत आणि एका हाताने चेन्साचा खांदा धरून कुरकुरत चालल्या. कुबट वास येईल, पायाखाली काही वळवळेल, असं त्यांना वाटलं होतं. तसलं काही नव्हतं. खडकातच घडवलेलं एक गोल मेज होतं आणि त्याच्याभोवती बाक. त्या काळी मेलेल्यांची आठवण काढायला त्यांच्या घरची माणसं इथे जेवायला बसत. त्याच बाकावर ग्रेत्स्या बाळंत झाली होती.

बाई मात्र बाकाकडे बघत नव्हत्या. शेजारच्या भिंतीत हातभर लांबीच्या खोबण्या होत्या, एकीला लागून एक.

"ही एवढीशी थडगी कुणाची?"

"तान्ह्या बाळांची, काकू."

बोलून गेल्यावर चेन्साच्या लक्षात आलं. विस्टिनच्या आधी दुमिंकाबाईंना मुलगी झाली होती, ती आठवडाभरही जगली नव्हती. गावाला माहीत होतं आणि गाव त्यावर बोलत नसे. चेन्साने जीभ चावली. जागा स्वच्छ आहे, भिण्यासारखं काही नाही, एवढंच तिला दाखवायचं होतं. आता सगळं बिघडलं, असं तिला वाटलं.

बाईंनी एका खोबणीत हात घातला, दगड चाचपला. मग छातीवर क्रूस केला आणि बाकावर बसल्या. त्यांनी विचारलं, "तुझी आई भ्यायली नव्हती?"

"म्हणते, खूप भ्याले. देवा, या बाळांच्यात माझ्या बाळाची भर घालू नकोस, एवढंच म्हणत होते."

"ऐकलं की त्याने." बाईंनी डोळे पुसले. "बाकीची सगळी इथे ठेवायला आणलेली. तू एकटी इथून वर गेलीस. आणि मी वेडी त्या नावाला अपशकुन म्हणत होते. ऊठ आता, मला वर ने. लग्नाचं बोलायचं तर तुझी आई घरी हवी ना?"

ईस्टर झाल्यावर लग्न लागलं. पुढच्याच आठवड्यात एका गिऱ्हाईकाने दुकानात खवचटपणे विचारलं, "काय दुमिंका, थडग्याचा पाव आहे का एखादा?"

"आहे की," बाई म्हणाल्या आणि भट्टीपाशी उभ्या सुनेला हाक मारली, "चेन्सा, यांना आत्ता निघालेला दे गं. मऊ बघून दे, दात पडलेत त्यांचे."