पाचवा प्रवेश

मंडळी, आज सकाळी बजाजनगरात विद्यार्थी शोधत दारोदार फिरले. मी कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. एके काळी मला याच वर्गात प्रवेश मिळावा म्हणून माझे वडील दोन दिवस रांगेत उभे होते. आता प्रत्येक शिक्षकानं पाच प्रवेश आणायचे, नाहीतर विषय बंद आणि आमचं कामही.

माझे चार झाले होते. पाचव्या घरी मुलीची आई म्हणाली, "मॅडम, हे शिकून नोकरी लागंल का? खरं सांगा."

पहिली अक्षरं मला वडिलांनी घरीच शिकवली. खोटं त्यांना खपायचं नाही. मी नुसता प्रवेशाचा अर्ज पुढे केला.

"तुम्हाला लागली ना, मग हिलाबी लागंल," म्हणत तिनं मुलीची बारावीची गुणपत्रिका माझ्या हातात ठेवली.

माझी नोकरी दर वर्षी संपते, हे मी सांगितलं नाही. गुणपत्रिका उद्या जमा करायची आहे. माझ्या जागी तुम्ही असता तर परत नेऊन दिली असती का?