परीक्षकाला कुलूप

तळेगावजवळच्या आमच्या कॉलेजात एक सर ऑनलाइन दुकानांची सुरक्षितता शिकवतात. "कुणावरही विश्वास ठेवू नका," हे त्यांचं पहिलं वाक्य. हे म्हणताना ते चष्मा काढतात, म्हणजे वाक्याचं चिंतन होतं. स्वतःचा पासवर्ड मात्र ते पुटपुटत टाइप करतात. पहिल्या दोन बाकांना तो पाठ आहे.

परवा प्रात्यक्षिक परीक्षेला मी दुसरा परीक्षक म्हणून त्यांच्या शेजारी बसलो होतो. वडिवळ्याच्या एका मुलीने घरचा इंद्रायणी तांदूळ विकायची वेबसाइट केली होती. या विषयात ती आधी एकदा नापास झालेली. पुन्हा झाली असती तर वर्ष जाणार होतं. तिने दिलेला पासवर्ड सरांनी तीनदा चुकवला आणि साइटने त्यांना बाहेरच अडवलं.

"परीक्षकालाच कुलूप? गुण हवेत ना?"

"सर, तुमीच शिकवलं न्हवं का, तीनदा चुकलं की दार बंद?"

"अगं, ते चोरांसाठी!"

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने पासवर्डची तपासणीच काढून टाकली. सर चुकीच्याच पासवर्डने आत शिरले, खुलले आणि त्यांनी सुरक्षिततेचे पैकीच्या पैकी गुण दिले.